दोन नेफ्यांची दुलई

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये सुमित्राकाकूंचं घर शोधायला नंबर लागत नाही. मागच्या डेकच्या कठड्यावर कुणाचा तरी तंबू वाळत पडलेला दिसला की तेच घर. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या कांचननं एकदा कुंपणावरून विचारलं होतं, "काकू, मांडव कुणाच्या लग्नाचा?"

"अस्वलाच्या," काकू म्हणाल्या. "फार घाई झाली होती त्याला. नखांनी फाडूनच आत शिरलं. आता शिवायचं मला."

काकू मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन १९८० साली इकडे आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत शिवणक्लासचं सर्टिफिकेट आणि टॉवेलात गुंडाळलेली मोठी कात्री होती. सुरुवातीची वर्षं ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवण्यात आणि साड्यांना फॉल लावण्यात गेली. मग नव्वदच्या सुमाराला कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या दारावर त्यांना चिठ्ठी दिसली : चेन बसवून देणारं माणूस पाहिजे. दुकान डॉनाचं. डॉना काकूंच्याच वयाची, उंच, पाठीवर वेणी सोडणारी बाई. तिनं एक स्लीपिंग बॅग काकूंच्या पुढ्यात टाकली. काकूंनी वीस मिनिटांत चेन बदलली आणि आतली उसवलेली शिवणही न सांगता घालून टाकली. उसवलेलं दिसल्यावर तसंच उठून जाणं त्यांना आजही जमत नाही.

तेव्हापासून चौदा वर्षं त्यांच्या मशीनखालून तंबू, पाठपिशव्या, रेनकोट जात राहिले. तंबू झटकला की त्यातून कुठली तरी वाळू पडायची, पाइनच्या सुया पडायच्या, एकदा शिंपल्याचा तुकडा पडला. काकू ते सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या आणि बरणी मशीनजवळ ठेवायच्या. "लोक यात्रा करून येतात, मला प्रसाद मिळतो," म्हणायच्या. स्वतः मात्र तंबूत एक रात्रही झोपल्या नव्हत्या.

त्यांचा एक नेम होता. शिवलेली वस्तू आपण वापरून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. पाठपिशवीचा पट्टा शिवला की तिच्यात बासमतीची वीस पौंडांची पिशवी घालून तळघराच्या जिन्यावर दहा चढउतार. तंबू असेल तर हिरवळीवर उभारून त्यावर बागेच्या नळीनं पाणी. त्यांचे यजमान त्र्यंबककाका कौंटीच्या पाणीखात्यात इंजिनीअर आहेत. ते ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतात : "एकदा ऑफिसमधून आलो तर शॉवर चालू, दार उघडं, आणि ही आत उभी. रेनकोट घालून, टोपी चढवून. मला वाटलं, रिटायर व्हायची वेळ आली. माझी नाही, हिची."

"मग? शिवण गळते की नाही ते गिऱ्हाइकानं पावसात उभं राहून सांगायचं का मला?" काकू विचारतात.

दुलईची गोष्ट सुरू झाली ती २००३ च्या पानगळीत. एक वयस्क शिक्षिका तिची स्लीपिंग बॅग घेऊन दुकानात आली. चेन ठीक होती, शिवण ठीक होती. "पण यात कूस बदलता येत नाही," ती म्हणाली. "रात्रभर पार्सलासारखी पडून असते मी." डॉना म्हणाली, थंडीतल्या बॅगा अशाच अंगाबरोबर असतात, इलाज नाही. शिक्षिका गेली. काकूंच्या डोक्यातून मात्र ती जाईना. कुशीवर वळता येत नाही, ती झोप कसली?

त्यांनी घरी येऊन कागदावर चौकोन काढले. तीन आठवड्यांनी दुलई तयार झाली. बाहेरून तंबूचं पातळ नायलॉन, आत कृत्रिम कापसाचे दोन थर. दोन्ही थरांना वेगवेगळे टाके घातलेले, आणि वरच्या थराचा टाका खालच्या थराच्या चौकोनाच्या बरोबर मधे येईल असे, म्हणजे टाक्यांच्या भोकांतून थंडी थेट आत पोचायची नाही. अंगाच्या बाजूनं अस्तर लावलं ते रेशमी साडीचं. सुती कापड ओल धरून ठेवतं आणि बर्फात ओल जिवावर बेतते, एवढं त्यांना चौदा वर्षं ऐकून पाठ झालं होतं. साडी सासूबाईंनी दिलेली, वांगी रंगाची. "मला कधीच शोभली नाही," काकू म्हणाल्या. "आता अंधारात नेसेन."

कडेला टिचबटणं, आणि पायाशी परकरासारखी नाडी. ओढली की दुलईचं तोंड मिटतं, पाय आत ऊबदार राहतात. नाडीसाठी नेफा हवा, तो शिवला. गळ्याशी दोरी नको म्हणून वरच्या टोकाला नाडी घातली नाही. पण एक टोक नेफ्याचं आणि दुसरं भुंडं, हे काही त्यांच्या डोळ्यांना बरं दिसेना. म्हणून तिथंही नेफा शिवून रिकामा ठेवला.

डॉनानं दुलई अंगावर घेतली, बटणं लावली, दुकानाच्या फरशीवर आडवी झाली आणि डावीकडून उजवीकडे वळली. मग छताकडे बघत म्हणाली, "सुमित्रा, ही समोरच्या भिंतीवर लावायची. मला अशा दहा शिवून दे. तुझ्या नावानं."

चौदा वर्षांत त्या दुकानातल्या शेकडो वस्तूंवर काकूंचा टाका होता. नाव एकीवरही नव्हतं.

"आता आकडा सांग," डॉना उठून बसत म्हणाली. थंडीत पांघरायच्या प्रत्येक वस्तूला तिथं चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर आकडा : पारा किती फॅरनहाइटवर उतरेपर्यंत ही तुम्हाला झोपू देईल. "वीस लिहू?"

"मी काय सांगणार? मी कुठं झोपलेय?"

"मग आमच्यापैकी कुणीतरी झोपून बघेल."

"त्याची झोप त्याला. मला काय कळणार? मीच झोपते."

"आणि नाही टिकली तर?"

"तर सोफ्यावर टाकीन आणि चेना बसवायला लागेन," काकू म्हणाल्या. त्या हसून म्हणाल्या, पण दुलईची घडी घालताना त्यांनी ती तीनदा घातली.

घरी हे कळल्यावर त्र्यंबककाकांनी पेपर खाली ठेवला. "अगं, त्या थंडीत पाईप फुटतात."

"मी काय पाईप आहे?"

"पाईप निदान जमिनीखाली तरी असतो!"

मुलगी वल्लरी जर्सी सिटीला राहते, मॅनहॅटनच्या एका बँकेत नोकरी करते. तिला फोन लावला. "आई, आर यू सिरियस? यू आर फिफ्टी-सेव्हन!"

"छप्पन्न. मार्चमध्ये सत्तावन्न."

"पीपल डाय डुइंग धिस!"

"मी झोपायला चाललेय गं, मरायला नाही."

"बाबा, स्टॉप हर ना!"

"मी ऐंशी सालापासून ट्राय करतोय," काका म्हणाले.

शेवटी तह झाला. काका बरोबर जातील, पण तंबूत नाही. दहा मिनिटांच्या वाटेवर जिथं गाड्या लावतात तिथं गाडीत झोपतील. काकूंच्या गळ्यात शिट्टी. "काही झालंच तर मी तुमच्याकडे येईन," काकूंनी बजावलं. "शिट्टी ऐकल्याशिवाय तुम्ही यायचं नाही. आणि मी गाडीत आले, तर ती रात्र धरायची नाही. आकडा नाही, चिठ्ठी नाही."

डॉनानं काकांना दुकानातली सगळ्यात भारी स्लीपिंग बॅग दिली आणि काकूंना सूचना : कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा ठेव, पाण्याची बाटली पांघरुणात घेऊन झोप, नाहीतर सकाळी दगड होईल. काकांनी ऑफिसमधून एक थर्मामीटर आणला. रात्रीतला सगळ्यात खालचा आकडा त्याची दुसरी सुई धरून ठेवते. "हा तुझ्यासारखाच आहे," ते म्हणाले. "एकदा धरलं की सोडत नाही."

जानेवारीतल्या एका शनिवारी दोघं वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात पोचले. तंबू ठोकायच्या तळावर चिटपाखरू नव्हतं. गुडघ्याखाली बर्फ, वर पाइनची झाडं, आणि झाडांच्या फांद्यांवर बर्फ असं बसलेलं, की कुणी मोठ्यानं बोललं तर पडेल. दोघांनी कुजबुजतच तंबू उभारला. काकांनी फोटो काढला, थर्मामीटर जवळच्या फांदीला टांगला, उगाच एक दोरी पुन्हा ताणली.

"निघा आता," काकू म्हणाल्या.

"निघतो." ते दहा पावलं गेले आणि वळले. "घोरू नकोस. अस्वल येईल."

"अस्वलं झोपलीत. मीही तेच करायला आलेय."

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली, तसा नुसता तो एक आवाज कमी झाला नाही, सगळेच आवाज थांबले. काकू सांगतात, सांगलीत, अ‍ॅशबर्नमध्ये, कुठंच त्यांनी इतकी शांतता ऐकली नव्हती. घरात निदान फ्रीज तरी बोलत असतो. आकाश आधी गुलाबी, मग राखी झालं. बर्फ मात्र बराच वेळ उजळ राहिलं, दिवस आत साठवून ठेवल्यासारखं. त्यांनी तंबूच्या दारात बसून थालीपीठ खाल्लं, बरोबर लसणीचा ठेचा. ठेचा जरा जास्तच खाल्ला गेला. थंडीत तो बरा वाटत होता. मांडीशी तंबूचा कोपरा होता. त्याची शिवण त्यांनीच घातलेली. बोटानं चाचपून पाहिली, सरळ होती.

नऊ वाजता बॅटरी घेऊन त्यांनी थर्मामीटर पाहिला. दहा. फॅरनहाइटमधले दहा, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं शून्याखाली बारा. स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे घालून त्या दुलईत शिरल्या, बटणं लावली, पायाशी नाडी ओढली, बाटली कुशीत घेतली. पाच मिनिटं नुसत्या पडून राहिल्या. मग डाव्या कुशीवर वळल्या. मग उजव्या. दुलई बरोबर वळली, कुठूनही वारा आला नाही. अंधारात त्या एकट्याच हसल्या आणि झोपल्या.

जाग आली ती तहानेनं. ठेच्यानं काम केलं होतं. काकू उठून बसल्या, बाटलीचं झाकण काढलं, मान मागे टाकली, बाटली वर धरली आणि तोंड उघडलं.

कुणाच्याही घरी, गाडीत, लग्नात, काकू पाणी वरूनच पितात. ओठ लावला की बाटली उष्टी झाली. उष्टी बाटली दुसऱ्याला कशी द्यायची? लहानपणापासूनची सवय, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण बाटली झोपेत कुशीतून निसटली होती आणि तिच्या तोंडाशी बर्फाची चकती धरली होती. पाणी येईना. काकूंनी बाटली आणखी उलटी केली, हलवली. चकती सुटली आणि अर्धी बाटली एकदम खाली आली. नाकात, हनुवटीवर, गळ्यातून स्वेटरच्या आत, आणि मांडीवर पडलेल्या दुलईच्या वरच्या टोकावर.

त्या इतक्या जोरात ओरडल्या की पाइनवरचं बर्फ खरोखरच धप्पकन पडलं.

"अगं बये," त्या स्वतःलाच म्हणाल्या, "इथं उष्टं खाणारं आहे कोण?"

हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. गळ्याशी स्वेटर ओला, कानटोपी ओली, आणि दुलईचं वरचं वीतभर अस्तर भिजलेलं. ओल म्हणजे काय ते त्यांना पाठ होतं. हे टोक गळ्याशी घेऊन सकाळपर्यंत झोपणं शक्य नव्हतं. गाडी दहा मिनिटांवर होती. गाडीत काका होते, कोरडी ब्लँकेटं होती, थर्मासमध्ये चहा होता. तिथं गेल्या तर कुणी हसणार नव्हतं. डॉना म्हणाली असती, ठीक आहे, पुढच्या वर्षी. दुलई सोफ्यावर गेली असती.

त्यांनी आधी ओले कपडे काढले. वेगळा ठेवलेला कोरडा जोड चढवला, डोक्याला मफलर गुंडाळला. दात वाजत होते. मग दुलई मांडीवर घेऊन, कुठल्याही फाटक्या कपड्याकडे बघतात तशी तिच्याकडे बघितली. वर ओली, खाली कोरडी. स्लीपिंग बॅग असती तर डोकं डोक्याकडे आणि पाय पायांकडेच राहिले असते. पण ही दुलई होती. आणि हिला दोन नेफे होते.

पायाकडची नाडी काढून या ओल्या टोकात घातली, की पायाचं टोक गळ्याशी येईल.

काकूंनी नाडी उपसली. मग उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. बांगडीत सेफ्टीपिन होती. ती तिथं कायमच असते. डॉना तिला काकूंचा दागिना समजायची. नाडीच्या टोकाला पिन टोचली, ती रिकाम्या नेफ्यात सरकवली आणि ढकलायला सुरुवात केली. बोटं बधिर झाली होती, कापड पाण्यानं कडक होत चाललं होतं. दर दोन मिनिटांनी हात काखेत घालून बसावं लागत होतं. पण अंधारात नेफ्यातून नाडी ओवणं हे काम त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा केलं होतं, की डोळ्यांची तशीही गरज नव्हती. पिन पुढे, कापड मागे. पिन पुढे, कापड मागे. दुसऱ्या भोकातून पिनेचं टोक बाहेर आलं तेव्हा त्यांनी "आली!" असं मोठ्यानं म्हटलं. ते ऐकायलाही कुणी नव्हतं.

ओलं टोक आता पायाशी होतं. पाय ओल्यात ठेवून चालणार नव्हते. त्यांनी पाठपिशवी रिकामी केली, पाय मोज्यांसकट तिच्यात घातले, पिशवी दुलईत घातली आणि वरून नाडी ओढली. मग बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायल्या. ओठ लावून.

झोप आली, पण तुकड्यातुकड्यांनी. पहाटे पाय गार पडले, तेव्हा बराच वेळ बोटं चोळत राहिल्या. गाडीची आठवण दोनदा आली. दोन्ही वेळा त्यांनी कूस बदलली.

डोळे उघडले तेव्हा तंबूचं कापड पिवळं झालं होतं आणि आतून सगळीकडे दव गोठून बारीक पांढऱ्या सुया लागल्या होत्या. रात्रभराचा त्यांचाच श्वास. ऊन वर सरकलं तशी एकेक सुई सुटून तोंडावर पडू लागली. दुलईचं पायाकडचं टोक पापडासारखं ताठ झालं होतं. वाकवलं तर कुरकुरलं. पाय मात्र शाबूत होते, दहाही बोटं हलत होती. बाहेर येऊन त्यांनी थर्मामीटर पाहिला. दुसरी सुई सहावर उभी होती.

गाडीपाशी पोचल्या तर आतून धडपड ऐकू आली. दार उघडलं. त्र्यंबककाका मागच्या सीटवर स्लीपिंग बॅगेत बसलेले, फक्त नाक आणि चष्मा बाहेर.

"सुमित्रा, आधी मला सोडव. पाच वाजल्यापासून अडकलोय."

"शिट्टी का नाही वाजवली?"

"शिट्टी तुझ्या गळ्यात आहे!"

भारी बॅगेच्या भारी चेनीत आतलं कापड सापडलं होतं. काकूंनी चष्मा लावला, बांगडीतली पिन काढली, कापड अलगद सोडवलं आणि चेन सर्रकन खाली ओढली. काका बाहेर आले, त्यांनी हातपाय ताणले आणि मग त्यांना आठवलं. "तू आलीस. म्हणजे रात्र धरायची नाही?"

"सात वाजलेत," काकू म्हणाल्या. "उजाडलंय. चहा काढा."

सोमवारी दुकानात डॉनानं थर्मामीटर हातात घेतला आणि शीळ घातली. "सहा! मी सहा लिहिते."

"नाही. दहा."

"इथं सहा दिसतंय, सुमित्रा. आणि तू जिवंत दिसतेयस."

"सहाला मी पाय चोळत होते. दहाला मी झोपले होते. चिठ्ठीवर झोपेचा आकडा लिहितात ना? मग दहा."

"बाकीचे सगळे असतो त्यापेक्षा खालचाच लिहितात."

"त्यांनी रात्र काढलीय का?"

डॉनानं चिठ्ठी पुढे ओढली आणि दहा लिहिलं. मग रात्रीची हकीकत ऐकायला बसली. बाटलीपाशी आल्यावर तिनं हात वर केला. "थांब. बाटलीला तोंड का नाही लावलंस?"

"मग दुसऱ्यानं कसं प्यायचं?"

"तिथं दुसरं कोण होतं?"

"कुणी नाही."

डॉना इतकी हसली, की तिला काउंटर धरावा लागला. हसणं ओसरल्यावर तिनं दुलई उलगडली, एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, दोन्ही नेफ्यांतून बोट फिरवलं. "हे तू मुद्दाम केलं होतंस?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. "नाही गं. नुसतं बरं दिसावं म्हणून."

चिठ्ठीवर आणखी एक ओळ वाढली : कुठलंही टोक पायाशी घ्या. आणि काकूंनी अट घातली, की प्रत्येक दुलईच्या नेफ्याला एक सेफ्टीपिन टोचलेलीच जाईल. पहिली दुलई त्या शिक्षिकेनं नेली. पिन कशासाठी, असं तिनं विचारल्यावर डॉनानं ती सगळी गोष्ट साभिनय सांगितली, आणि अजूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

वांगी अस्तराची ती मूळची दुलई विकायला नाही. ती समोरच्या भिंतीवर आहे. ती टांगली त्या दिवशी त्र्यंबककाका रजा काढून आले होते. त्यांनी चिठ्ठी जवळून वाचली, मग लांबून वाचली, मग वल्लरीला फोन लावून वाचून दाखवली : सुमित्रा. दहा. फोनमधून काहीतरी लांबलचक इंग्रजी आलं, आणि शेवटी "आईला दे ना."

काकू शिडीवरून उतरत होत्या. दमल्या होत्या. डॉनानं आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली आणि घाईघाईनं दोन पावलं मागे सरकली. काकूंनी मान मागे टाकली, बाटली वीतभर वर धरली आणि निम्मं पाणी प्यायल्या. एक थेंब सांडला नाही. मग बाटली पुसून डॉनाला परत दिली आणि फोन कानाला लावला.